थिसल चॅपेलचं कोरीवकाम: दोन वर्षांत, आणि तेही हाताने?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलाकडे एडिनबराला गेलो असताना सेंट जाइल्स चर्चच्या कोपऱ्यातलं थिसल चॅपेल पाहिलं. लाकडावर बोटभर जागा मोकळी नाही. तिथे सांगितलं की सगळं १९०९ ते १९११ या काळात झालं. एवढं काम हाताने दोन वर्षांत होईल यावर विश्वास बसत नाही. यंत्र वापरलं असेल का? आणि आमच्या घरी आजोबांचं सागवानी देवघर आहे, त्यावर तसं मखर करून घ्यायचं मनात आहे. जमेल का?"

हाताने झालं, आणि दोन वर्षांतच झालं. देवघराचं शेवटी सांगतो. मखर उभं कसं राहतं हे आधी कळलं, तर कदाचित तुमचा बेतच बदलेल.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो: वडील वाड्यांची लाकूडकामं करायचे, मी त्यांच्या हाताखाली सागावर शिकलो, आणि पुढे काही वर्षं ब्रिटनमध्ये जुन्या ओकच्या कामांची दुरुस्ती करण्यात गेली. थिसल चॅपेलमध्ये मी काम केलेलं नाही. पण मान आखडेपर्यंत वर बघत तिथे बसलोय, दोनदा.

आधी ही जागा कशासाठी आहे ते पाहू, कारण कामाचं माप त्यावरून ठरलं. ऑर्डर ऑफ द थिसल हा स्कॉटलंडचा सर्वांत मानाचा संघ. थिसल म्हणजे आपल्या उंटकटाऱ्याच्या कुळातलं काटेरी जांभळं फूल, स्कॉटलंडचं चिन्ह. संघाचं लॅटिन बोधवाक्यही काट्याला शोभेसं आहे: मला डिवचून कोणी सुखाने परत जात नाही. राजा सातव्या जेम्सने १६८७ मध्ये हा संघ उभा केला आणि होलीरूडच्या मठाचं चर्च त्याला दिलं. पुढच्याच वर्षी राजाच्या पायाखालची जमीन सरकली, जमाव आत घुसला आणि आतली सगळी सजावट फोडून टाकली. संघ पुढे १७०३ मध्ये राणी ॲनने पुन्हा सुरू केला, पण त्याला घर नव्हतं. होलीरूडच्या त्या चर्चचं छप्परही १७६८ मध्ये कोसळलं. दुरुस्ती म्हणून घातलेलं नवं दगडी छप्परच भिंतींना पेललं नाही. (दुरुस्तीने इमारत पडल्याची उदाहरणं आपल्याकडेही कमी नाहीत, पण तो विषय नको.)

मानकऱ्यांची संख्या १८२७ पासून १६. म्हणजे १६ आसनं हवीत, शिवाय राजाचं आणि राजघराण्यातल्यांची वेगळी. लेव्हनच्या अकराव्या अर्लने (अर्ल म्हणजे तिकडची सरदारकी) १९०६ मध्ये मरताना होलीरूडची डागडुजी करण्यासाठी ४०,००० पौंड ठेवले होते. पाहणीत कळलं की त्या पडक्या भिंतींवर काही उभारता येणार नाही. तेव्हा त्याच्या वारसांनी तो पैसा नव्या चॅपेलसाठी देऊ केला आणि जागा ठरली सेंट जाइल्सच्या आग्नेय कोपऱ्यातली. काम रॉबर्ट लॉरिमर या एडिनबराच्या वास्तुविशारदाला मिळालं. जुलै १९११ मध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या उपस्थितीत ते खुलं झालं आणि लॉरिमर 'सर' झाला.

आता जागेचं माप बघा. मुख्य दालन साधारण ११ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद आणि जवळजवळ १३ मीटर उंच. लांबी-रुंदी तशी बेताचीच, पण उंची चार मजल्यांची. दोन्ही बाजूंना आसनं लागल्यावर मधे चालायला पट्टाच उरतो. अशा अरुंद, उंच जागेत पाहणारा कायम कामाच्या जवळ असतो आणि कायम वर बघत असतो. तुम्हाला "बोटभर जागा मोकळी नाही" असं वाटलं त्याचं निम्मं कारण हे आहे. तेवढंच कोरीवकाम एखाद्या मोठ्या कॅथीड्रलच्या मधोमध ठेवलं असतं, तर ते विरळ वाटलं असतं.

दोन वर्षांच्या कोड्याचं उत्तर तीन गोष्टींत आहे. तिन्हींत सर्वांत महत्त्वाची कोणालाच दिसत नाही, म्हणून तिच्यापासून सुरू करतो.

ती म्हणजे सुतारकाम. तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक आसनावर एक मखर आहे. मी मुद्दाम मखर म्हणतोय, कारण गणपतीच्या मखराचं आणि या छताचं काम एकच: खाली बसलेल्याला चौकट देणं आणि नजर वर नेणं. अशा मखराला खाली छोट्या कमानी असतात, कमानींच्या आत इवलंसं घुमटी छत, त्यावर जाळी, त्यावर आणखी कमानी, मग निमुळतं शिखर आणि कळसाच्या जागी मानकऱ्याचं शिरस्त्राण. लांबून ते एका ओंडक्यातून कोरून काढल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात अशा एका मखरात डझनावारी सुटे तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकडा खाच-कुसवाने शेजारच्यात बसलेला असतो. शिखराच्या कडेने वर चढत जाणारी जी वळलेली पानं दिसतात, ती बहुतेक ठिकाणी आधी बाकावर सपाट ठेवून कोरतात आणि मग जागेवर बसवतात. जाळीच्या पट्ट्याही तशाच. कोरणाऱ्याला शिडीवर चढून, मान वाकडी करून कोरावं लागत नाही.

म्हणजे कोरीवकाम सुरू होण्याआधी कोणीतरी ते सगळं मखर मनात उभं करून पुन्हा सुटं केलेलं असतं. कुठला तुकडा कशात बसेल, कुठला आधी बसवायचा, कुठल्या तुकड्याची रेघ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, उभी धरायची आणि कुठल्याची आडवी. इथे चूक झाली तर वरचं देखणं पान दहा वर्षांत फटीने दुभंगतं. थिसल चॅपेलचं हे सुतारकाम एडिनबराच्याच नॅथॅनिएल ग्रीव्ह यांच्याकडे होतं. चॅपेलची माहिती सांगताना लोक लॉरिमरचं नाव घेतात, फार तर कोरणाऱ्यांचं. ग्रीव्हचं नाव अभावानेच निघतं. आमच्या वडिलांचंही तसंच व्हायचं. वाड्याचा मालक पाहुण्यांना नक्षी दाखवायचा, आणि वडील कोपऱ्यात उभे राहून तुळईच्या सांध्याकडे बघत असायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं एकमेकांना ओळखत होती. लाकूड कोरलं विल्यम आणि अलेक्झांडर क्लो या भावांनी. दगडावरचं कोरीवकाम जोसेफ हेझचं, मूर्तींचे नमुने लुई ड्यूकार्सचे, लोखंडकाम थॉमस हॅडनचं, आसनांमागच्या मीनाकामाच्या पाट्या फीबी ट्रॅक्वेअरच्या. क्लो बंधू लॉरिमरसाठी वर्षानुवर्षं काम करत होते. याचा वेळेशी काय संबंध, ते ज्याने कधी कोरून घेतलंय त्याला कळेल. नव्या नक्षीकाराबरोबर पहिले सहा महिने समजावण्यातच जातात: पान किती जाड, वळण किती खोल, टोक किती धारदार. ओळखीच्या हाताला "मागच्यासारखं, पण जरा काटेरी" एवढं पुरतं. पुढे एडिनबराच्या किल्ल्यातलं राष्ट्रीय युद्धस्मारक लॉरिमरनेच बांधलं. ते १९२७ मध्ये खुलं झालं. तिथे छतातून टांगलेली ओकची सेंट मायकेलची मूर्तीही ॲलिस मेरेडिथ विल्यम्स यांच्या नमुन्यावरून क्लो बंधूंनीच कोरली. दीड दशक उलटून गेलं, मधे एक महायुद्ध झालं, तरी हात तेच.

तिसरी गोष्ट रेखाचित्रांची. मखराचं चित्र लहान मापात काढून नक्षीकाराच्या हाती दिलं, तर तो प्रत्येक वळणावर थांबून विचारतो. खऱ्या मापाचं चित्र दिलं, की तो कागद लाकडावर चिकटवून सरळ पटाशी मारतो. जिथे चित्राने भागत नाही, म्हणजे मूर्ती, प्राणी, चेहरे, तिथे आधी मातीत किंवा प्लास्टरमध्ये नमुना होतो. ड्यूकार्सचं काम नेमकं तेच होतं. सगळ्यात महाग वेळ कोरणाऱ्याचा असतो. तो विचारात जाऊ न देता हात चालता ठेवायचा, हे ज्या वास्तुविशारदाला कळलं त्याची कामं वेळेत होतात.

आता कोरण्याचा क्रम, तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. आधी गोल पटाशीने आणि लाकडी हातोड्याने ढोबळ आकार काढायचा. यात नाजूकपणा काही नसतो, लाकडाचे चांगले जाड ढलपे उडतात. मग आकाराची बाह्यरेषा खोल ठोकायची, भोवतालची जमीन खाली न्यायची, आणि मग पानाला वळण द्यायचं. शेवटी खालून पोखरायचं. हे पोखरणंच खरी जादू करतं. पानाच्या काठाखालून लाकूड काढलं की काठ पातळ दिसतो, त्याच्या खाली गडद सावली पडते आणि पान फळीपासून सुटून तरंगतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते मधे भक्कम चिकटलेलं असतं. जिथे नजर पोहोचत नाही तिथे चांगला नक्षीकार पोखरत बसत नाही. यात आळस नाही, हिशोब आहे.

आणि मग तो थांबतो. पॉलिश पेपर फिरवत नाही. ओकवर पटाशीची शेवटची ओढ तशीच ठेवली, तर प्रत्येक ओढीचा एक लहानसा सपाट पैलू राहतो. खिडकीतून आलेला उजेड त्या पैलूंवर वेगवेगळा तुटतो. पेपर घासला की सगळं गुळगुळीत होतं आणि कोरीवकाम साबणाच्या वडीसारखं दिसू लागतं. आपल्याकडे हल्ली सगळं घासून, वर चकचकीत पॉलिश मारून देतात आणि गिऱ्हाइकालाही तेच आवडतं. माझं यावरून बऱ्याच गिऱ्हाइकांशी वाजलंय.

यंत्राचं विचारलंत, तर शंका अगदीच अस्थानी नाही. लाकूड कोरायची यंत्रं तेव्हा नवी नव्हती. जॉर्डन नावाच्या माणसाने १८४५ मध्ये कोरणयंत्राचं पेटंट घेतलं होतं आणि लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीतल्या लाकूडकामाला ते वापरलं गेलं. त्यात ढोबळ काम यंत्र करायचं आणि वरचा हात माणूस फिरवायचा. पण ते यंत्र परवडतं ते एकच पट्टी शंभर वेळा लागते तेव्हा. थिसल चॅपेलमध्ये लॉरिमरने उलटं केलं. तो आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतला माणूस, कारागिराच्या हाताला जागा ठेवणारा. तिथे तुकडा तुकड्यासारखा नाही. हातटेकांवरचे प्राणी पाहिलेत? माणूस बसताना हात ठेवतो नेमकं तिथे ते बसलेत, आणि ते एकमेकांच्या नकला नाहीत. बॅगपाइप वाजवणारा देवदूत तर सगळेच शोधतात. एक लाकडात आहे, एक दगडात. स्वर्गात वीणेऐवजी बॅगपाइप वाजतो ही कल्पना करणाऱ्याने कामात मजा घेतली असणार.

पुढच्या वेळी गेलात तर हात आणि यंत्र असं ओळखा. एकाच रांगेतली दोन पानं घ्या आणि मधल्या शिरेकडे बघा. हाताने केलेल्यात शीर कुठे एक केस डावीकडे, कुठे उजवीकडे जाते. आतल्या कोपऱ्यात बघा, पटाशीचा कोपरा टोकदार असतो. आजचं सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं, फिरत्या पात्याने कोरतं, म्हणून त्याचा आतला कोपरा पात्याच्या जाडीएवढा गोल राहतो आणि उतारावर बारीक समांतर रेघा उमटतात. शिवाय बाजारातलं साधं यंत्र वरूनच उतरतं, त्याला खालून पोखरता येत नाही. ही शेवटची खूण लक्षात ठेवा, देवघराच्या वेळी लागेल.

ही कल्पना लॉरिमरने आकाशातून आणली नव्हती. अशा संघांची आसनं कशी असतात याचा मोठा नमुना विंडसरला आहे, सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये. ऑर्डर ऑफ द गार्टर हा १३४८ चा संघ, त्याची कोरीव आसनं १४७८ ते १४८५ या काळात झाली. तिथे १७८० च्या दशकात हेन्री एमलिनने दुरुस्ती केली आणि नवी आसनं जोडली. त्याने जुन्या हाताची इतकी बेमालूम नक्कल केली की सरावलेली नजर नसेल तर फरक कळत नाही. मात्र विषयाने चोरी उघड होते: एका ठिकाणी राजा तिसऱ्या जॉर्जवर १७८६ मध्ये मार्गारेट निकल्सनने केलेला हल्ला कोरलाय. पंधराव्या शतकाच्या कारागिराला ते कसं माहीत असणार! स्कॉटलंडमध्ये मात्र लॉरिमरला बघायला जुनं फारसं उरलंच नव्हतं. १५६० च्या धर्मसुधारणेत चर्चमधली सजावट साफ झाली, सेंट जाइल्ससुद्धा त्यातून सुटलं नाही. ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधली सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची ओकची आसनं हा वाचलेला सर्वांत चांगला नमुना. विंडसरच्या मानाने ॲबर्डीनची नक्षी मला जास्त आवडते. तिच्यात शहाणपणाचा कंजूषपणा आहे.

थिसल चॅपेलमध्ये कंजूषपणा नाही, हे खरंच. आणि सगळं कौतुक करूनही मला वाटतं की मखरांच्या वरच्या भागात लॉरिमरने हात जरा सैल सोडला. बारीक जाळी, त्यावर शिखर, शिखरावर शिरस्त्राण, त्यावर तुरा, मागे रंगीत काचा. डोळ्याला टेकायला जागा मिळत नाही. खालच्या पातळीवर, हात पोहोचतो तिथे, काम जास्त चांगलं आहे. हे माझं मत, त्यावर भांडायला हरकत नाही.

त्या तुऱ्याबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. मखराच्या टोकावर मानकऱ्याचं शिरस्त्राण आणि त्याच्या घराण्याचा तुरा असतो: सिंह, पक्षी, हात, काहीही. मानकरी जिवंत आहे तोवर तो तिथे राहतो. गेला की शिरस्त्राण, तुरा, तलवार सगळं उतरवतात आणि पुढच्याचं चढवतात. राहते फक्त आसनामागची मीनाकामाची पाटी, नाव, कुलचिन्ह आणि प्रवेशाचं साल लिहिलेली. ती कायमची. त्यामुळे १९११ पासूनचे सगळे मानकरी त्या आसनांवर पाट्यांच्या रूपाने एकमेकांना खेटून आहेत. रंगीत निशाणं इथे आत नसतात, ती बाहेर सेंट जाइल्समध्ये लावतात. माझ्या मते हा फार शहाणा निर्णय. एवढ्या चिंचोळ्या जागेत निशाणं लोंबली असती तर मखरं दिसलीच नसती.

असे तुरे कोरायला सहसा लाइम नावाच्या झाडाचं (आपलं लिंबू नव्हे) मऊ, एकसारखं लाकूड घेतात, कारण ते कुठल्याही दिशेला कापलं तरी उलट धरत नाही आणि वरून रंग द्यायचाच असतो. खालचं सगळं ओकचं. आणि ओकबद्दल बोलायला लागलो की मला माझी फजिती आठवते.

मी ब्रिटनमध्ये नवा होतो. एका खेड्यातल्या चर्चच्या ओकच्या बाकाचा सुटलेला तुकडा बसवायचा होता. सागाच्या सवयीने लोखंडी स्क्रू घातले, वरून ओल्या फडक्याने सरस पुसला आणि घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर प्रत्येक स्क्रूभोवती शाई सांडल्यासारखे निळे-काळे डाग. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. त्यात लोखंड आणि ओल आली की जुनी लिहायची शाई बनायची तीच क्रिया होते. आपल्या सागात तेल असतं, ते उलट लोखंडाला जपतं, म्हणून वडिलांच्या वाड्यांतले खिळे शंभर वर्षं सुखाने बसलेले मी पाहिले होते. ओकला पितळी स्क्रू लागतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ऑक्झॅलिक ॲसिडने डाग काढता काढता आठवडा गेला. मुकादम काही बोलला नाही. रोज सकाळी येऊन डाग किती फिके झाले ते वाकून बघायचा आणि जायचा, तेच जास्त लागलं.

ओक आणि सागात आणखीही फरक आहेत, तुम्हाला उपयोगी पडतील तेवढे सांगतो. चांगल्या कामासाठी ओकचा ओंडका कलिंगडाच्या फोडींसारखा, मध्यापासून कडेकडे चिरतात. असं चिरल्यावर फळीवर आडवे चमकते पट्टे दिसतात, पण कारण देखणेपणाचं नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. ते रुंदीत हलतं, आणि वर्षवलयांच्या कडेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच मध्यापासून बाहेरच्या दिशेने आकसतं. फोडीसारखी चिरलेली फळी म्हणून कमी वाकते, कमी फाटते. तरीही चौकटीतल्या तावदानाच्या फळीला कधी सरस लावत नाहीत. ती चौकटीच्या खोबणीत मोकळी ठेवतात, म्हणजे थंडीत हीटर लागून हवा कोरडी झाली की ती गुपचूप आकसते आणि पावसाळी हवेत फुगते. सांधा घट्ट, फळी मोकळी. जुन्या दारांची दुरुस्ती करताना हल्लीचे सुतार फळीच्या चारी बाजूंना फेव्हिकॉल भरतात आणि दोन उन्हाळ्यांत ती मधोमध तडकते.

सागात तंतूंमध्ये वाळूचे कण असल्यासारखं सिलिका असतं, ते पटाशीची धार खाऊन टाकतं. सागावर दिवसभर काम केलेला माणूस अर्धा वेळ निसण्यापाशी असतो. म्हणून आपल्या जुन्या सागवानी नक्षीचा स्वभाव वेगळा: ठसठशीत, थोडी उथळ, मोठ्या वळणांची. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा १८०७ चा दर्शनी सज्जा आठवा. तो रस्त्यावरून, खालून, भर उजेडात पाहायचा आहे. त्याला थिसल चॅपेलसारखं बारीक पोखरलं असतं तर उन्हात सगळं भुरकट झालं असतं. मुलाच्या घरी तुमचा वाद झाला असेल की आपलं श्रेष्ठ की त्यांचं, तर तो मिटवायच्या फंदात पडू नका. दोन्हीकडच्या कारागिरांनी आपापल्या उजेडाला आणि लाकडाला बरोबर ओळखलं होतं.

आता तुमचं देवघर.

आजोबांचं देवघर आहे तसंच ठेवा. त्याला खिळा मारू नका, त्यावर काही चिकटवू नका, घासून नवं करू नका. त्यावर तैलरंगाचे थर असतील आणि कोणी कॉस्टिक सोड्याने धुऊन देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सोड्याने रंग जातो आणि त्याबरोबर लाकडाचे तंतूही मरतात. दोन-तीन वर्षांनी नक्षीचे कोपरे भुश्शासारखे झडतात. अळशीचं तेलही दरवर्षी चोपडू नका. ते चिकट राहतं, धूप-उदबत्तीची काजळी धरून ठेवतं आणि लाकूड काळं पडत जातं. कोरडा मऊ कुंचला घ्या आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून धूळ ओढून घ्या. एवढंच.

मखर हवं असेल तर ते वेगळं, स्वतःच्या पायांवर उभं राहणारं करून घ्या, देवघराच्या मागून आणि बाजूंनी येणारं. लाकूड म्हणून ओक मागवू नका. आपल्या हवेत त्याची काही गरज नाही आणि आपल्या सुतारांचे हात त्यावर बसलेले नाहीत. शिवण बघा. हलकी असते, फार हलत नाही, पटाशीखाली छान कापते. सागच हवा असेल तर सांधा चिकटवायच्या आधी ताजा कापलेला भाग ॲसिटोनने पुसायला सांगा, नाहीतर सागाच्या तेलामुळे सरस किंवा कुठलंही चिकटद्रव्य नीट धरत नाही.

आणि नक्षीकार शोधण्याआधी सुतार शोधा. त्याला फक्त एक प्रश्न विचारा: हे मखर किती तुकड्यांचं करणार, आणि कुठला कुठे बसणार? तो कागद-पेन्सिल मागेल तर माणूस बरोबर आहे. "एका फळीतून काढून देतो" म्हणाला, तर तो सीएनसीवाल्याकडे जाणार आहे. आलेल्या पट्टीच्या पानाखाली नख घालून बघा. नख आत शिरत नसेल तर ते पोखरलेलं नाही. किंमत त्या हिशोबाने द्या.

थिसल चॅपेलची पूर्ण नक्कल मागू नका. त्यातलं एकच घ्या, मखराची खालची बाजू. तिकडे आसनात बसलेल्याच्या डोक्यावर कमानींच्या आत जे इवलं छत आहे, तशी छोटी कमान देवाच्या वर आतल्या बाजूने करून घ्या, कारण पूजेला बसलेल्या माणसाला मखराचा आतला भागच दिसतो. बाहेरून दोन पानांची वेल पुरे. आधी खाकी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून घ्या आणि देवघराच्या मागे भिंतीला चिकटवा. आठवडाभर राहू द्या. संध्याकाळी समई लागल्यावर बसून बघा. बहुतेकांना चौथ्या-पाचव्या दिवशी ते मखर दोन-तीन इंचांनी कमी करावंसं वाटतं. करा, आणि मग सुताराला बोलवा.